वाचक विचारतात : घड्याळातली पावलं आणि दुखरा गुडघा

प्रश्न : वय ७१. मुलाने घेऊन दिलेलं घड्याळ रोज १०,००० पावलं मागतं. माझी ५,५०० च्या वर जात नाहीत आणि उजवा गुडघा दुखतो. इतक्याशा चालण्याचा उपयोग होतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : होतो, चांगलाच होतो. १०,००० हा आकडा मुळात जाहिरातीतला. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्याबरोबर तो आला आणि पुढे नियमच होऊन बसला. २०२२ साली १५ अभ्यासांची एकत्र छाननी झाली. साठीपुढच्या लोकांत मृत्यूचा धोका ६,००० ते ८,००० पावलांपर्यंत कमी होत जातो, त्यानंतर फारसा फरक पडत नाही, असं त्यात दिसलं. तुम्ही त्या टप्प्याच्या अगदी जवळ आहात.

आकड्यापेक्षा वेग बघा. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, म्हणजे मिनिटाला साधारण १०० पावलं. अशी आठवड्याला १५० मिनिटं पुरेत. दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतील, किंबहुना तुमच्या गुडघ्याला तेच मानवेल.

काठी वापरत असाल तर ती डाव्या हातात धरा. बरेच जण दुखऱ्या बाजूलाच धरतात, मग शरीराचा भार त्याच गुडघ्यावर जातो. चपला घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या रेघेशी आली पाहिजे. चढापेक्षा उतार गुडघ्याला जड जातो, म्हणून सपाट रस्ता निवडा. चालल्यानंतरची ठणक दुसऱ्या सकाळपर्यंत उरली किंवा सूज आली, तर अंतर पावपट कमी करा. मांडीचे स्नायू बळकट असले की गुडघ्यावरचा ताण हलका होतो. त्यासाठी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून, शक्यतो हात न टेकता, ८-१० वेळा उठा-बसा, दिवसातून दोनदा. नुसत्या चालण्याने तोल सुधारत नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. ओट्याला धरून एका पायावर १० सेकंद उभं राहण्याचा सरावही ठेवा.

प्रश्न : सासूबाईंच्या (वय ६८) पोटऱ्या चालताना भरून येतात, थांबल्या की बरं वाटतं. चालणं बंद करावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बंद नको, पण आधी कारण शोधा. दर वेळी ठरावीक अंतरावर दुखू लागत असेल आणि नुसतं उभं राहिल्यावर काही मिनिटांत थांबत असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी. तंबाखू किंवा मधुमेह असेल तर जास्तच. उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं, असं असेल तर बहुधा कंबरेच्या मणक्यात नसा दबलेल्या असतात. डॉक्टर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतील.

दोष रक्तवाहिन्यांचा निघाला तर चालणं हाच उपचाराचा भाग असतो : दुखणं बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालायचं, थांबायचं, शमलं की पुन्हा निघायचं. असं सगळं मिळून ३० मिनिटं, आठवड्यातून तीनदा, निदान १२ आठवडे. मात्र रात्री पडल्यापडल्याही पाय दुखत असेल, पायाची जखम भरत नसेल किंवा पाय अचानक गार पडला, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

प्रश्न : मधुमेह आहे. पहाटे उपाशीपोटी चालावं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर नको, साखर एकदम उतरू शकते. त्यापेक्षा जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाला; जेवल्यावर चढणारी साखर त्याने आटोक्यात राहते. खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवा. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की बसून ती खा आणि १५ मिनिटांनी साखर तपासा. ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच.