सोने, सायनाइड आणि एकच मोरी

सोने काढण्याविषयी तीच शंका निरनिराळ्या पत्रांतून येत राहते, म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : शेताच्या बांधावर पिवळा चमकणारा दगड सापडला. सोने असेल का? (सुदामानगर)

बहुधा पायराइट असावा. सोने ठोकल्यावर पसरते, पायराइटचा भुगा होतो. तरीही शंका उरली तर जिल्हा खनिज कार्यालयात दाखवावा.

प्रश्न : नायट्रिक आम्लालाही दाद न देणारे सोने सायनाइडमध्ये कसे विरघळते? (रामबाग)

सायनाइड एकटे ते करू शकत नाही. हवेतला ऑक्सिजन सोन्याचे ऑक्सिडीकरण करतो आणि सायनाइड त्या सोन्याला बांधून पाण्यात धरून ठेवते. ग्लासगोतील मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी १८८७ साली या पद्धतीचे पेटंट घेतले, तेव्हापासून टनामागे मोजकेच ग्रॅम सोने असलेला दगडही खाणीला परवडू लागला. पुढे ते सोने सक्रिय कोळशावर किंवा जस्ताच्या भुकटीने परत मिळवतात.

प्रश्न : झारेकऱ्याला (सोनाराच्या कचऱ्यातून सोने वेचणाऱ्याला) कचरा देण्यापेक्षा आम्हीच सायनाइडने सोने काढावे म्हणतो. उरलेले पाणी तेजाबाच्या मोरीत सोडून वर भरपूर पाणी ओतले की विष उतरते, असे शेजारचे कारागीर सांगतात. (सराफा)

शेजाऱ्यांचे ऐकू नका. खाणीत चुना घालून द्रावणाचा सामू (pH; आम्ल मिसळले की हा आकडा उतरतो) दहाच्या वर ठेवतात तो मुख्यतः एका कारणासाठी : सामू उतरला की सायनाइडचे हायड्रोजन सायनाइड होते, आणि ते २६ अंशांनाच उकळते, म्हणजे इंदूरच्या उन्हाळ्यात त्याचा वायू व्हायला चूलही लागत नाही. आपल्या मोरीत तेजाब आधीच आहे. तिथे सायनाइड ओतणे म्हणजे बिनखिडकीच्या खोलीत विषारी वायू तयार करणे होय. कडू बदामासारखा वास येईल तेव्हा पळू, या भरवशावरही राहू नये, कारण अनेकांना तो वास जन्मतःच येत नाही. रोमानियातील बाया मारे येथे २००० साली खाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडमिश्रित पाणी तिसा नदीपर्यंत पोहोचून मासे मेले. तिथे तर पातळ व्हायला अख्खी नदी होती. हे काम परवानाधारक शुद्धीकरण केंद्राकडेच द्यावे, आणि कोणाला चक्कर आली तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे व सायनाइडचा संशय आहे हे डॉक्टरांना आधी सांगावे.

प्रश्न : एक विक्रेता ‘निसर्गस्नेही, सायनाइडमुक्त’ पावडर देतो, पण घटक सांगत नाही. (स्नेहनगर)

घटक न सांगणाऱ्याकडून रसायन घेऊ नये.

प्रश्न : वडिलांच्या वेळचा मुलाम्याच्या सायनाइडयुक्त द्रावणाचा गंजलेला डबा माळ्यावर आहे. दिवाळीच्या साफसफाईत काढला तर चालेल का? (लोकमान्यनगर)

गंज दिवाळीची वाट पाहत नाही. डबा उघडू नका, हलवू नका, मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवा आणि आजच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इंदूर कार्यालयाला कळवा. धोकादायक कचऱ्याची अधिकृत व्यवस्था पीथमपुरात आहे, मात्र तिथे तो स्वतः गाडीत घालून नेऊ नये.