अ‍ॅबरनेथीचा गोल मनोरा: आईवडिलांना घेऊन जावं का?

एडिंबरोच्या मुक्कामात एक दिवस मोकळा आहे, सत्तरीतले आईवडील सोबत आहेत, स्कॉटलंडमधल्याच अ‍ॅबरनेथीचा मनोरा बघायला जावं का, असं तुम्ही विचारलंय. जरूर जा. फक्त वर चढायचं म्हणून नको, पायथ्याशी तासभर रेंगाळायचं म्हणून जा.

मी बाबांना घेऊन गेले होते. स्कॉटलंडमधल्या पर्थ शहराहून बस मिळते. गाव छोटंसं, आणि चर्चच्या आवाराच्या कडेला हा मनोरा, आपल्या दीपमाळेसारखा वर निमुळता होत गेलेला. उंची साधारण 22 मीटर. या आयरिश धाटणीचे मनोरे स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर दोनच उरलेत, दुसरा ब्रेकिनला.

आत लोखंडी गोल जिना आहे, अरुंद आणि बराच उभा. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून ते खालीच थांबले. मी वरून टे आणि अर्न नद्यांचं खोरं बघून उतरले, तर ते भिंतीवरून हात फिरवत होते. "अगं, खालचा दगड वेगळाय," म्हणाले. खरंच होतं. खालचे बारा थर करड्या, टणक दगडाचे आहेत. त्याच्या वरचा दगड पिवळसर, वाऱ्यापावसाने झिजलेला. मनोरा साधारण 1100 च्या सुमाराचा मानतात, पण खालचा भाग त्याहून जुना असावा असंही काही अभ्यासक म्हणतात.

तिथेच भिंतीला साखळीने लोखंडी कडं लटकवलंय. गुन्हेगाराच्या गळ्यात ते अडकवून त्याला गावासमोर उभं करत. ते हातात घेतलं आणि मला पुढे बोलवेना. शेजारी पिक्ट लोकांचा, म्हणजे स्कॉटलंडच्या प्राचीन रहिवाशांचा, कोरीव दगड आहे. त्यावरचा हातोडा आणि ऐरण आईवडिलांना नक्की दाखवा.

आणि त्यांना हेही सांगा की 1072 मध्ये स्कॉटलंडचा राजा तिसरा माल्कम याच गावी इंग्लंडचा राजा विल्यम याच्यापुढे नमला आणि आपला मुलगा डंकन त्याने ओलीस दिला. बाबा त्या मुलाबद्दल परतीच्या बसमध्येही विचारत होते. तो पुढे 1094 मध्ये राजा झाला, पण काही महिन्यांतच मारला गेला.

मनोरा हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंड या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडे आहे. आत जाता येतं का, हे निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या. बंद असला तरी बेत मोडू नका. दगडांचे थर, कडं, हातोडा-ऐरण, सगळं बाहेरूनच दिसतं.