टिश्यू एक्सपांडर भरताना फार दुखतं. कमी त्रासात, लवकर कसं आटपेल?

ताई, तुम्ही लिहिलंय की मॅस्टेक्टॉमीनंतर (स्तन काढण्याच्या ऑपरेशननंतर) ठाण्यात एक्सपांडर (नव्या स्तनासाठी कातडी हळूहळू ताणणारी, कातडीखालची फुग्यासारखी पिशवी) बसवलाय, दर आठवड्याला १०० मिली सलाईन भरतात, मग दोन रात्री झोप नाही, आणि तरी लवकर सुटका व्हावी म्हणून तुम्ही काही बोलत नाही. बोला. मी नेरूळची, याच वाटेने गेलेली आहे. कमी भरा असं आपण सांगू शकतो, हे मला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

एका वेळी किती भरायचं याचा पक्का आकडा नसतो. साधारण ५० ते १०० मिली भरतात, पण तुमची कातडी किती ताण सोसते त्यावर ते ठरतं. भरताना कातडी पांढरी पडू लागली किंवा दुखणं असह्य झालं, तर सर्जन थांबतात, वाटल्यास थोडं सलाईन परत काढून घेतात. निम्मं भरून घेणं किंवा पंधरा दिवसांनी जाणं, दोन्ही चालतं. गरोदरपणात पोटाची कातडी जशी हळूहळू वाढते तसंच हे आहे, आणि वाढीला वेळ लागतोच. एक्सपांडर छातीच्या स्नायूखाली असेल तर स्नायू आखडूनही कळा येतात. त्यासाठी वेगळं औषध असतं, ते विचारा. भरायला जाण्याआधी वेदनाशामक गोळी घेतली तर चालेल का, तेही विचारून ठेवा.

घाईला सबळ कारण असेल तर ते रेडिएशनचं. त्यानंतर कातडी आखडते, ताणायला जड जाते, इम्प्लांटभोवती (एक्सपांडरच्या जागी नंतर बसवतात त्या कृत्रिम स्तनाभोवती) कडक आवरण धरण्याचा धोकाही वाढतो. म्हणून बरेच सर्जन एक्सपांडर आधी पुरता भरतात आणि कायमचा इम्प्लांट रेडिएशननंतर काही महिन्यांनी बसवतात. तुमचं रेडिएशन ठरलंय का? ऑपरेशन ठाण्यात आणि रेडिएशन खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, असं असेल तर दोन्हीकडच्या डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं झालंय ना, याची स्वतः खात्री करा. नुसती फाईल इकडून तिकडे नेऊन ते होत नाही.

आता घरातल्यांसाठी. दुखतंय म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं नाही! मायेपोटीच सुचवतात सगळे, पण ऑपरेशननंतर तिथली कातडी बधिर असते, भाजलं तरी कळत नाही.

बहुतेक एक्सपांडरच्या पोर्टमध्ये, म्हणजे सलाईन भरायला सुई टोचतात त्या भागात, चुंबक असतं. पाठ, गुडघा, कशासाठीही कुणी एमआरआय लिहून दिला तर एक्सपांडर आहे हे आधी सांगा. आणि ताप, लाली, वाढती सूज, टाक्यांतून पाणी, कातडी काळी पडणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी सर्जनला फोन करा.