कोल्हापुरातून एका दिवसात दाजीपूरचं जंगल बघून होईल का? गवे दिसतील का?

होतं की, पण पहाटे अंधारातच निघा. भोगावती, राधानगरी करत फोंडा घाटाच्या रस्त्यानं दाजीपूर साधारण ८० किमी पडतं. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे रान आता राधानगरी अभयारण्य म्हणून ३५१ चौ. किमी पसरलंय.

गव्याची खात्री कुणीच देणार नाही. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर सड्यांच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांच्या कडेला, पाणवठ्यावर बघा. काळं धूड आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे, ओळख चुकायची नाही. दिसला तर गाडीतून उतरू नका. गरीब वाटतो, पण बिथरला की आवरत नाही.

खरं सांगू? नुसत्या गव्यासाठी गेलात तर निम्मं जंगल हुकेल. सावराई सड्यावर उघडा जांभा खडक आणि दोन पावलं आत गेलं की जांभूळ-अंजनाची दाट सावली. तिथं मान वर करून शेकरू शोधा. आधी फांदीवरचं काटक्या-पानांचं घरटं दिसतं, मग झुपकेदार शेपटी.

आतला रस्ता दगडधोंड्यांचा आहे, स्वतःची कार नेऊन चेंबर फोडून घेऊ नका. गेटवर जीप आणि गाईडची चौकशी करा. भाकरी-ठेचा घरूनच बांधून न्या.