खेळणे न उघडता बाहेरून मोठे बटण जोडता येईल का?

सेरेब्रल पाल्सीमुळे आपल्या मुलाला ढोल वाजवणाऱ्या माकडाचे बारीक सरकते बटण हलवता येत नाही, म्हणून तळहाताने दाबता येईल असे मोठे बटण बाहेरून जोडता येईल का, असा आपला प्रश्न आहे. जोडता येते, आणि बहुतेक वेळा त्यासाठी खेळण्याचा एकही स्क्रू काढावा लागत नाही. माझ्या भाचीसाठी मी अशी काही खेळणी तयार केली आहेत.

सर्वांत आधी एक चाचणी करावी. माकडाचे बटण चालू ठेवून एक सेल काढावा आणि परत बसवावा. सेल बसताच माकड आपोआप वाजवू लागले, तर पुढची कृती उपयोगाची आहे. त्याऐवजी ते पुन्हा बटण दाबले जाण्याची वाट पाहत राहिले, तर आत इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे आणि सेलचा पुरवठा तोडून जोडल्याने काही साधणार नाही. अशा वेळी खेळणे उघडून मूळ बटणाच्या दोन टोकांना समांतर दोन तारा डाखाव्या (वितळलेल्या कथिलाने जोडाव्या) लागतात.

आपले माकड चाचणीत उतरले, असे धरून सांगतो. सेलचे टोक आणि त्याला टेकणारी स्प्रिंग यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना तांबे असलेली, मध्ये मात्र विद्युतरोधक असलेली पातळ पट्टी सरकवायची, म्हणजे परिपथ तिथे तुटतो. पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक तार डाखून त्या तारा बाहेरच्या बटणाला जोडल्या, की बटण दाबल्यावर तो पूर्ण होतो. सेल एकापुढे एक जोडलेले असल्यास पट्टी कुठल्याही एका सेलपाशी चालते, आणि कोणती तार बटणाच्या कोणत्या टोकाला जोडावी हा प्रश्नही उरत नाही.

माझी पहिली पट्टी पोळ्या गुंडाळण्याच्या ॲल्युमिनियम फॉइलची आणि पुठ्ठ्याची होती. ॲल्युमिनियमवर साधे कथील धरत नाही, आणि फॉइलची दुमडलेली कड दुसऱ्या बाजूला टेकल्यामुळे खेळणे थांबेचना. त्यानंतर मी दुहेरी तांब्याचा ०.८ मिलिमीटर जाडीचा पीसीबीचा (इलेक्ट्रॉनिक सर्किट ज्यावर बनवतात त्या पातळ बोर्डाचा) तुकडा वापरू लागलो, नेहमीचा १.६ मिलिमीटरचा तुकडा अनेकदा सेलच्या कप्प्यात मावत नाही. पेन्सिल सेलसाठी सुमारे १० मिलिमीटर रुंदीची पट्टी पुरते. ती थोडी लांब कापून डाख शेपटीवर, म्हणजे सेलच्या टोकापासून दूर द्यावा, नाहीतर कथिलाचा उंचवटा सेलला नीट बसू देत नाही. कडा कानशीने घासाव्यात आणि दोन्ही बाजू एकमेकींना कुठे टेकत नाहीत ना, हे मल्टिमीटरने पाहावे. धन टोकाकडे पुष्कळदा प्लॅस्टिकच्या कडा आड येतात, त्यामुळे पट्टी ऋण टोकाकडे, स्प्रिंगच्या बाजूला घालणे सोपे जाते. तारा बाहेर काढण्यासाठी झाकणाच्या कडेला कानशीने छोटी खाच पाडावी.

तारा थेट बटणाला न जोडता त्यांच्या टोकाला ३.५ मिलिमीटरचे मोनो सॉकेट (हेडफोनच्या पिनेच्या मापाचे, दोन तारांचे) लावावे, असा माझा आग्रह आहे. अपंग मुलांसाठी मिळणाऱ्या तयार बटणांना बहुधा याच सॉकेटात बसणारी पिन असते, त्यामुळे पुढे बटण किंवा खेळणे बदलले तरी जोडणी तीच राहते. बटण घरी करायचे असल्यास व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर असते तसे ६० किंवा १०० मिलिमीटर व्यासाचे बटण घ्यावे. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात चौकशी करता येईल.

हा उपाय फक्त साध्या सेलवरच्या खेळण्यांसाठी आहे. चार्ज होणाऱ्या लिथियम बॅटरीच्या किंवा घरातल्या विजेवर चालणाऱ्या वस्तूवर तो करू नये. बटणासारख्या चपट्या सेलची खेळणीही टाळावीत, कारण तो सेल मुलाने गिळल्यास जिवावर बेतू शकते.

बटण दाबून धरले असेल तोवरच माकड ढोल वाजवेल. मला हे एकदा दाबल्यावर चालूच राहणाऱ्या बटणापेक्षा बरे वाटते, कारण आपल्या हातामुळेच ढोल वाजतो हे मुलाला चटकन उमगते. हात सारखा घसरत असल्यास बटण बदलण्याआधी त्याची जागा बदलून पाहावी. माझ्या भाचीला ते कोपराशी ठेवल्यावर जमले.