रास्पबेरी पाय ३ वर गाणी मधेच अडकतात. पाय ५ घेऊ, की ऑफिसातला जुना मिनी पीसी?

तुमच्या लांबलचक प्रश्नातून मला कळलं ते एवढं. २०१७ साली घेतलेला रास्पबेरी पाय ३, म्हणजे एका बोर्डावरचा छोटा संगणक, आहे. त्याला यूएसबी डॅक (डिजिटल आवाज ॲम्पला कळेल असा करून देणारं यंत्र) आणि यूएसबीवरच चालणारी पोर्टेबल हार्डडिस्क जोडलीय, डिस्कवर बाबांच्या सीडी फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गमावता फाइल लहान करणारा प्रकार) उतरवून ठेवल्यात, आणि पुढे जुना स्टीरिओ ॲम्प. ऐकताना टिक-टिक येते, कधी दोन सेकंद सगळं गप्प होतं, महिन्यातून एकदा पायचं मेमरी कार्ड पुन्हा नव्याने भरावं लागतं. आईलाही वापरता यायला हवं. आणि आता पाय ५ घ्यायचा, की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एखाद्या ऑफिसातून निघालेला मिनी पीसी उचलायचा, हे ठरत नाहीये.

आत्ता दोन्ही घेऊ नका. आधी चार्जर बदला.

हे मी पैसे घालवून शिकलोय. माझाही पाय ३ होता आणि मोबाईलच्या जुन्या चार्जरवर चालायचा. विलंबित ख्यालात जरा शांत जागा आली की नेमकी टिक ऐकू यायची. बोर्ड म्हातारा झाला, असा निष्कर्ष काढून मी पाय ४ आणला, आणि त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘३ अँपिअर’ छापलेला टाइप-सी चार्जर घेतला. टिक-टिक जशीच्या तशी! मग एका रविवारी मल्टिमीटर काढला आणि बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेवर लावला. गाणं थांबलेलं असताना ४.९. गाणं लावलं, डिस्क घरघरत फिरायला लागली, आणि आकडा माझ्या डोळ्यांदेखत ४.५ वर आला. पायच्या हिशेबात ४.६३ च्या खाली गेलं की वीज कमी पडली असं धरतात आणि प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. चार्जरवर काय छापलंय याला काडीचा अर्थ नव्हता. शिवाय त्यासोबत आलेली केबल सुतळीपेक्षा बारीक होती. नवा बोर्ड घेऊन मी आजार तसाच ठेवला आणि रोगी बदलला.

तुमचा बोर्ड या कामाला किती पुरतो ते पाहा. सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल. गुणाकार केला तर सेकंदाला साधारण १४ लाख बिट होतात. २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झच्या ‘हाय-रेझ’ फाइली धरल्या तरी ९२ लाखांच्या आसपास. जुन्यातल्या जुन्या यूएसबी २.० ची कागदावरची क्षमता ४८ कोटी आहे. फ्लॅक उलगडायला प्रोसेसरला फारसं काही करावंच लागत नाही. २०१२ साली ३५ डॉलरला आलेला पहिला पायसुद्धा फ्लॅक वाजवायचा. तेव्हा तुमचा पाय ३ या कामात दमतोय, हे मला पटत नाही.

वीज कमी पडतेय का, हे पायलाच विचारता येतं. स्क्रीन लावलेला असेल तर कोपऱ्यात विजेची खूण चमकते. पण गाण्याच्या पायला स्क्रीन लावतो कोण? म्हणून लॅपटॉपवरून एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाला आदेश द्यायची सोय) आत जा आणि ‘व्हीसीजेनसीएमडी’, मग जागा सोडून ‘गेट अंडरस्कोअर थ्रॉटल्ड’ असा आदेश द्या (अर्थात इंग्रजी अक्षरांत: vcgencmd get_throttled). उत्तर नुसतं शून्य आलं तर वीज ठीक. शेवटी ५०००० दिसलं, तर बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि वेगही उतरला होता. बोर्ड बंद करून चालू केला की ही नोंद पुसली जाते, म्हणून तासभर गाणी वाजवा आणि मग विचारा. पाय ३ साठी ५.१ व्होल्ट आणि २.५ अँपिअरचा खास पायचा अडॅप्टर मिळतो. केबल त्याला कायमची जोडलेली असते आणि जाड असते. तो घ्या.

डिस्कचं वेगळं बघायला लागेल. अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना एक अँपिअरच्या जवळपास ओढते, आणि पाय ३ चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर देतो. त्यातच डॅक. डिस्कला स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब द्या, किंवा गाणी एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या डिस्कवर, हलवा. सीडीवरून काढलेल्या फ्लॅकच्या एका अल्बमला साधारण ३०० ते ४०० एमबी लागतात, म्हणजे ५०० जीबीत हजारभर अल्बम सहज बसतील. बाबांच्या सीडी त्याहून जास्त असतील तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

एवढं करूनही टिक राहिली, तर दुसरा संशय बोर्डाच्या घडणीवर. पाय १ पासून पाय ३ पर्यंत सगळे यूएसबी पोर्ट आणि नेटवर्कची केबल, हे सगळं एकाच यूएसबी २.० च्या वाटेने प्रोसेसरपर्यंत जातं. त्या एका बोळातून डिस्कवरून येणारं गाणं, डॅककडे जाणारं गाणं आणि नेटवर्क अशी तिघांची ये-जा चालते. गर्दी क्षमतेची नसते, वेळेची असते. डॅकला त्याचा घास ठरल्या क्षणी मिळाला नाही की तुम्हाला टिक ऐकू येते. पाय ४ मध्ये २०१९ साली हे सुधारलं. तिथे नेटवर्क वेगळं आणि यूएसबी ३.० वेगळं.

पण एवढ्यासाठी पाय ४ घ्यायची गरज नाही. बोर्डावर ४० पिनांची जी ओळ आहे, तिच्यावर बसणारं डॅकचं कार्ड मिळतं, त्याला हॅट म्हणतात. त्याच्याकडे आवाज आय-टू-एस नावाच्या वेगळ्या तारांवरून जातो, यूएसबीचा संबंधच येत नाही. हायफायबेरीची कार्डं आहेत, आणि २०२० मध्ये आयक्यूऑडिओ विकत घेतल्यापासून रास्पबेरी पाय स्वतःच्या नावानेही डॅकची कार्डं विकते. माझ्याकडे पीसीएम ५१२२ चिपचं साधं कार्ड आहे. महागड्या कार्डांवर दोन स्फटिक घड्याळं असतात. एक २२.५७९२ मेगाहर्ट्झचं, ४४.१ किलोहर्ट्झ आणि त्याच्या पटींच्या घराण्यासाठी, आणि दुसरं २४.५७६ चं, ४८ च्या घराण्यासाठी. तत्त्व पटतं. माझ्या कानांना आणि माझ्या स्पीकरांना फरक कळला नाही. बसवताना बोर्डाची वीज काढा आणि पिना एक घर सरकलेल्या नाहीत ना, हे वाकून बघा. कोपऱ्यात ५ व्होल्ट आहे, ते भलत्या पिनेवर गेलं तर बोर्ड आणि कार्ड दोन्ही कायमचे गप्प. मग सॉफ्टवेअरमध्ये डॅकचं नाव निवडायचं आणि रीस्टार्ट करायचं. बोर्डावरचं हेडफोनचं भोक मात्र गाण्यांसाठी विसरा. घोषणेपुरतं ठीक आहे ते.

मेमरी कार्ड वारंवार खराब होतं त्यामागे तुमच्या इथली वीज असणार. आमच्याकडे सांगलीला लाइट गेली आणि इन्व्हर्टरने भार घेतला, की त्या क्षणभरात ट्यूबलाइट फक्त लुकलुकते, पाय मात्र पडून पुन्हा उठतो. तेव्हा कार्डावर काही लिहिणं चालू असेल तर फाइल सिस्टीम तुटते. बऱ्याच इन्व्हर्टरना मागे ‘यूपीएस मोड’चं बटण असतं, ते चालू केल्यावर भार लवकर बदलतो. माझं निम्मं दुखणं त्या बटणाने गेलं, आणि ते बटण आमच्या इन्व्हर्टरला सहा वर्षं होतं! उरलेल्या निम्म्यासाठी कार्डावर लिहिणंच बंद करा. पायच्या स्वतःच्या सिस्टीममध्ये ‘ओव्हरले फाइल सिस्टीम’ चालू करता येते. नाहीतर पायकोअरप्लेअर ही गाण्यांसाठीच केलेली सिस्टीम घ्या. तो सुरू होतानाच अख्खा मेमरीत चढतो, मग गाणी वाजत असताना लाइट गेली तरी कार्डाला धक्का लागत नाही. त्याच्याबरोबरचा लिरिऑन म्युझिक सर्व्हर म्हणजे मूळचा लॉजिटेकचा, त्यांच्या स्क्वीझबॉक्स या गाणी वाजवणाऱ्या डब्यांसाठीचा. ते डबे २०१२ च्या सुमारास बंद झाले, सॉफ्टवेअर लोकांनी जिवंत ठेवलंय. दिसायला जुनाट आहे, चालायला दणकट. अशाच आणखी दोन सिस्टीमपैकी व्हॉल्युमिओ देखणा आहे पण त्यातल्या काही सोयींना वर्गणी लागते, मूड (moOde) फुकट आहे आणि त्यात खेळायला भरपूर काही आहे. तिन्ही वेगवेगळ्या मेमरी कार्डांवर टाकून आठवडाभर वापरून पाहा, हे काम फुकटात होतं.

इथेच एक गोष्ट सांगतो, जी परदेशी लोकांच्या सल्ल्यात नीट येत नाही. आपल्या शास्त्रीय संगीताच्या सीडींवर एकाच रागाचे दोन-तीन ट्रॅक केलेले असतात. विलंबित एका ट्रॅकवर, द्रुत पुढच्यावर, आणि मधे तानपुरा अखंड चालू. प्लेअरने दोन ट्रॅकच्या मधे अर्धा सेकंद जरी घेतला तरी तानपुरा कापल्यासारखा होतो आणि पुन्हा सुरू होतो. अंगावर काटा येतो, पण नको तो. फ्लॅक असेल आणि प्लेअरमध्ये ‘गॅपलेस’ चालू असेल तर हे होत नाही. एमपी३ मध्ये फाइलच्या दोन्ही टोकांना मुळातच थोडी शांतता चिकटवलेली असते, म्हणून तिथे काळजी जास्त. बाबांच्या सीडी पुन्हा उतरवणार असाल तर फ्लॅकच ठेवा, आणि रागाचं नाव टॅगमध्ये खुशाल देवनागरीत लिहा, चालतं.

आता मिनी पीसी. तुम्हाला त्याच खोक्यावर टीव्हीसाठी सिनेमे हवे असतील, खोलीनुसार आवाज दुरुस्त करणारी फिल्टरं चालवायची असतील, किंवा रून या संगीताच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर हवा असेल (तो पायवर चालत नाही, पाय फक्त त्याचं टोक होऊ शकतो), तर मग घ्या. नुसत्या गाण्यांसाठी तो दहा वॉट खात चोवीस तास बसला तर महिन्याला ७ युनिट, पाय तीन वॉटने २ युनिट. बिलाने घर बुडणार नाही, पण पंखा रात्री ऐकू येईल. म्हणून पंखा नसलेला थिन क्लायंट (ऑफिसांत वापरतात तो छोटा, कमी ताकदीचा पीसी) शोधा.

दुकानात उभे असताना चालू करून दाखवायला सांगा आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जा. कंपन्यांतून निघालेल्या बऱ्याच मशिनांना बायोसचा पासवर्ड तसाच राहिलेला असतो, आणि मग यूएसबीवरून नवी सिस्टीम टाकणं अडतं. तिथेच ‘वीज परत आल्यावर चालू हो’ ही सोय आहे का पाहा, नाहीतर दर वेळी लाइट गेल्यावर कपाटामागे हात घालून बटण दाबत बसाल. अडॅप्टर त्याच मशिनचा मागा. काही कंपन्यांच्या अडॅप्टरच्या मधल्या पिनेवर ओळख असते आणि दुसरा लावला तर मशीन कुरकुरतं. पुढे रॅम किंवा एसएसडी वाढवणार असाल तर आत कोणती बसते ते झाकण उघडून वाचा. डीडीआर३ आणि डीडीआर३एल सारख्याच दिसतात, पण पहिलीला १.५ व्होल्ट लागतात, आणि १.३५ वर चालणाऱ्या मशिनात ती धड चालत नाही. एम-डॉट-टू एसएसडीचंही तेच, साटावाली आणि एनव्हीएमईवाली पट्टी लांबून जुळ्या बहिणी. आणि लक्षात घ्या, या मशिनांना पायसारख्या पिना नसतात. तुमचा यूएसबी डॅक इथे कामाला येईल.

पाय ५ बद्दल दोनच वाक्यं. त्याला हेडफोनचं भोक नाही, पूर्ण ताकदीला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो, आणि गाण्यांसाठी त्याच्या वेगाचा तुम्हाला उपयोग नाही. बोर्ड बदलायचाच झाला तर २ जीबीचा पाय ४ पुरे, फक्त सेकंडहँड घेताना अगदी पहिल्या खेपेतला नको, त्या बोर्डांच्या टाइप-सी पोर्टात चूक होती आणि काही चांगल्या चार्जरांवर ते चालूच होत नाहीत.

राहिल्या आई. माझ्या आईला फोनवरचं ॲप दाखवलं तेव्हा तिने चष्मा काढून बाजूला ठेवला. मग मी एक यूएसबीचा नुसता आकड्यांचा कीबोर्ड आणला आणि पायमध्ये ट्रिगरहॅपी नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवून प्रत्येक आकड्याला एक यादी लावली. १ ला सकाळचे राग, २ ला अभंग, ३ ला नाट्यगीतं, ० ला बंद. अधिक-उणेवर आवाज. वर डॉक्टरच्या चिकटपट्टीचे तुकडे लावून पेनाने लिहिलंय. ९ वर तिने स्वतः ‘हे नको’ असं लिहून ठेवलंय, तिथे मी माझं जॅझ ठेवलं होतं.

तर आधी तो आदेश देऊन काय आकडा येतो तो इथे लिहा. शून्यच आला, तर डॅक कोणता आहे आणि ॲम्पचा प्लग दोन पिनांचा की तीन, तेही लिहा, मग पुढचं बघू.