पोलीस दारात आले आणि काकूंची दातखीळ बसली

दर थोड्या दिवसांनी मला साधारण एकाच आशयाचा मेसेज येतो. रात्री अचानक पोलीस घरी आले, चूक आमची नव्हती, दहा मिनिटांत निघूनही गेले, पण तेव्हापासून झोप उडालीय आणि सगळ्यात जास्त भीती आमच्या कुत्र्याची वाटते, त्याला काही केलं तर, उचलून नेलं तर. आणि शेवटी जवळजवळ प्रत्येकजण विचारतो की एवढ्याशा गोष्टीने मला असं का होतंय, मी इतकी कच्ची आहे का. याचं उत्तर दोन ओळीत देऊन भागत नाही, म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका काकूंचा अनुभव सांगते. त्यांना विचारून लिहितेय, नावगाव आणि घरचे तपशील बदललेत, कुत्र्याचं नाव मात्र त्यांनी बदलू दिलं नाही. चिकू.

काकू साठीच्या पुढच्या, रो हाऊसमध्ये एकट्या राहतात, मुलगी जर्मनीत. चिकू गावठी, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये बंद पडलेल्या चहाच्या टपरीखालून काकांनी त्याला पिशवीत घालून आणलेला. काका 2023 मध्ये गेले. त्यानंतर घरात काकू आणि चिकू.

2025 चा ऑगस्ट, श्रावण चालू होता. रात्री पावणेबाराला गेटवर माणसं. एक वर्दीत, दोघं साध्या कपड्यात. त्यांना हवा होता दुसराच एक मुलगा, आडनाव तेच, घर नंबर तोच, फक्त गल्ली मागची. हे नंतर कळलं. त्या वेळी काकूंना एवढंच कळलं की गेटची कडी कुणीतरी हात घालून काढली आणि चिकू अंगणात मोकळा होता तो भुंकत थेट अंगावर गेला. एकाने लोखंडी गेटवर काठी आपटली, ठण्ण करून, आणि ओरडला, आवरा त्याला नाहीतर डोक्यात घालीन. काकू जाळीच्या दारामागे उभ्या होत्या. साखळी समोरच खिळ्याला टांगलेली. हात उचलेना, तोंडातून शब्द फुटेना. शेवटी शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा कुंपणावरून उडी मारून आला आणि त्याने चिकूला पट्ट्याला धरून मागे ओढलं. मग लाइट बिल बघणं, नाव विचारणं, वर्दीतला जाताना सॉरी काकू म्हणाला. संपलं.

संपलं म्हणजे त्यांच्यासाठी. काकूंनी दुसऱ्या दिवसापासून चिकूला अंगणात सोडणं बंद केलं, मग सकाळचा फिरवणं बंद, मग बेल वाजली की त्याला आधी बाथरूममध्ये कोंडायचं आणि मग दारावर जायचं, मग तर दिवसाचे चार चार तास तो आतच. तो आतून रडायचा, ह्या बाहेर रडायच्या. त्यात त्याच आठवड्यात कॉलनीच्या ग्रुपवर फॉरवर्ड फिरायला लागले की सुप्रीम कोर्टाने सगळी कुत्री उचलायला सांगितलीयत. दीर म्हणाले, वहिनी कशाला डोक्याला ताप, शेताकडे सोडून येऊ त्याला लांब.

माझ्याकडे त्या आल्या पाच आठवड्यांनी, गणपती होऊन गेल्यावर, आणि ते सुद्धा मुलीने ढकलल्यावर. कारण काय तर पासपोर्ट. जर्मनीला जायचं म्हणून रिन्यू करायचा होता पण व्हेरिफिकेशनला पोलीस घरी येतील या धास्तीने काकू फॉर्मच भरत नव्हत्या, मुलीला रोज वेगळं कारण सांगायच्या.

पहिल्या सेशनला त्या फक्त चिकूबद्दल बोलल्या. बोलता बोलता मी खुर्ची जरा पुढे घेतली तर स्टीलचा पाय फरशीवर घासला आणि काकूंनी दोन्ही पाय पटकन वर घेतले, चपलांसकट. त्यांना कळलंही नाही आपण असं केलं. त्या एका हालचालीत मला सगळं दिसलं, वर्दीची भीती नंतरची, आधी तो लोखंडाचा आवाज होता. घरीही तसंच चाललेलं, दूधवाल्याचं कॅन गेटला लागलं की छातीत धडधड.

बीपीची गोळी चालू होती म्हणून आधी त्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायला सांगितलं. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली, ती इथे तुम्हालाही सांगते. अशा प्रसंगानंतर पहिले काही आठवडे दचकणं, झोप न लागणं, तेच चित्र डोळ्यासमोर येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. पण महिना उलटून गेला तरी स्वप्नं, दचकणं आणि टाळाटाळ सुरूच असेल, म्हणजे माणूस त्या भीतीच्या भोवतीनेच दिवस आखायला लागला असेल, तर मग होईल कमी म्हणत बसू नये, दाखवावं. जवळ कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

दुसऱ्या सेशनला खरं बाहेर आलं. बराच वेळ पदराचं टोक गुंडाळत बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, त्याने काठी उगारली याचं मला एवढं नाही हो. मी नुसती उभी राहिले. साखळी हाताशी होती आणि मी उभी राहिले. ह्यांच्या वेळी पण असंच. बाथरूममध्ये पडले, फोन माझ्या हातात होता आणि मला नंबर लावता येईना. तेव्हाही शेजारचाच पोरगा आला."

म्हणजे पाच आठवडे ज्याला सगळे पोलिसांची भीती म्हणत होते तो मुळात स्वतःवरचा ठपका होता. मी पाहिलेल्या अशा बऱ्याच केसेसमध्ये हेच निघतं. काय झालं यापेक्षा मी तेव्हा काहीच केलं नाही हे माणसाला खातं, आणि मग तो त्या मुक्या जिवाला कोंडून, झाकून, दिवसरात्र पहारा करून त्याची भरपाई करत राहतो.

मी त्यांना विचारलं, काकू, दातखीळ बसणं म्हणजे काय? म्हणाल्या, घाबरून तोंड मिटतं ते. हातपाय गळणं? वाचा बसणं? पायाखालची जमीन सरकणं? म्हटलं बघा, आपल्या आजीपणजीला हे सगळं माहीत होतं म्हणून तर एवढे शब्द आहेत. धोका अचानक समोर आला की शरीर तीनातलं एक काहीतरी करतं, अंगावर जातं, पळतं किंवा गोठतं, आणि ते आपल्याला विचारून ठरवत नाही, विचार करणाऱ्या मेंदूपर्यंत गोष्ट पोचायच्या आत झालेलं असतं. ससा झुडपात थिजतो तो काही सशिणीवर प्रेम नाही म्हणून नाही. चिकूचं शरीर अंगावर गेलं, तुमचं गोठलं. दोघांनीही ठरवून काही केलं नाही. त्यावर काकू खूप रडल्या, आणि तो रडण्याचा अर्धा तास मी मध्ये काही बोलले नाही.

आता कायद्याचं, कारण भीती नुसती मनातली नसते, तिला खरीखोटी माहितीही खाऊ घालते. सुप्रीम कोर्टाचा 11 ऑगस्ट 2025 चा आदेश दिल्ली आणि आसपासच्या मोकाट कुत्र्यांबद्दल होता, आणि 22 ऑगस्टला तोही बदलला, नसबंदी आणि लस करून कुत्री त्यांच्याच भागात परत सोडायची, पिसाळलेली किंवा आक्रमक असतील ती सोडून. घरात पाळलेल्या, लस दिलेल्या चिकूचा त्याच्याशी काहीच संबंध नव्हता. तो फॉरवर्ड काकूंनी माझ्यासमोर बसून डिलीट केला. दुसरं, कुणाचंही जनावर मारणं, विष देणं, जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण पाळणाऱ्यावरही जबाबदारी आहे हे मी मुद्दाम सांगते, आपल्या जनावरापासून माणसाला इजा होईल असा निष्काळजीपणा केला तर कलम 291 आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अंधारात अनोळखी घरात शिरताना कुत्रा अंगावर आला तर पोलीसही माणूसच आहे, तोही घाबरतो. कडी काढून आत घुसायला नको होतं हे माझं ठाम मत आहे, आणि चिकूच्या गेटवर पाटी असायला हवी होती हेही माझं मत आहे. आणि दिरांच्या सल्ल्याबद्दल, पाळलेलं जनावर असं लांब नेऊन सोडून देणं हे 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्यात क्रूरतेतच मोडतं. हे ऐकल्यावर काकूंनी पहिल्यांदा मान ताठ केली. म्हणाल्या, हे त्यांना फोन करून सांगते.

काकूंना लेखी अर्ज द्यायचा होता, की रात्री असं असं झालं, मी ज्येष्ठ नागरिक आहे, एकटी राहते. शेजारच्या वहिनींना घेऊन गेल्या, दिला, पोच घेतली. पुढे त्याचं काही झालं नाही. पण शिक्का मारलेला तो कागद त्यांनी देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, आणि मला विचाराल तर ज्या तोंडातून त्या रात्री शब्द फुटला नव्हता त्या तोंडाने ठाण्यात जाऊन दिवसाउजेडी बोलणं हेच मोठं काम होतं.

मग खरी मेहनत. घाबरू नका असं कितीही सांगितलं तरी शरीराला ते कळत नाही, त्याला करून दाखवावं लागतं. आम्ही एक वाक्य ठरवलं: थांबा, कुत्रा बांधते, मग दार उघडते. सहा शब्द. काकू रोज भाजी निवडताना, पोळ्या लाटताना मोठ्याने म्हणायच्या, कारण नेमक्या वेळी सुचत नाही, तोंडाला सवय असली तर निघतं. साखळी खिळ्यावरून काढून काकांची स्कूटरची किल्ली जिथे लटकायची त्या हुकाला लावली, दाराच्या अगदी उजव्या हाताला. गेटला आतून कुलूप, बाहेर पाटी, लसीच्या कार्डाचा आणि महापालिकेच्या परवान्याचा फोटो फोनमध्ये. साध्या कपड्यातलं कुणी रात्री आलं आणि खात्री वाटेना तर दार न उघडता 112 ला फोन करून विचारायचं, यात उद्धटपणा काही नाही.

आणि शेजारचा पोरगा, त्याचे उपकार आहेत, रोज संध्याकाळी सहाला येऊन बेल वाजवायचा. पहिले काही दिवस सांगून, मग न सांगता. बेल वाजली की काकूंनी आधी श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ, मग वाक्य, मग साखळी, आणि चिकू त्याच्या गोणपाटावर जाऊन बसला की पोळीचा तुकडा. गंमत बघा, जो सराव काकूंचा तोच चिकूचा, कारण तोही त्या रात्रीपासून बेलला पिसाटल्यासारखा करत होता आणि काकू घाबरल्या की तो अजून चेकाळायचा, तो चेकाळला की काकू अजून. दोघांचं सोबतच सुटणार होतं.

एक चूक माझ्याकडून झाली. तिसऱ्या आठवड्यात मी पोराला गेटवर काठी वाजवायला सांगितली, हळू, पण ते लवकर झालं. काकू ओट्याशी जाऊन बसल्या आणि रात्रभर झोपल्या नाहीत. आम्ही मागे आलो, आधी काकूंनी स्वतःच्या हाताने लाटणं गेटवर वाजवायचं, दिवसा, चिकू शेजारी बसलेला. आठ दिवस तेवढंच. मग पोराने. दहापैकी भीती किती असं मी विचारायचे, नऊ होती ती हळूहळू चारवर आली. बाथरूममध्ये कोंडणं आपोआप सुटलं, ते सोडा असं मी एकदाही म्हणाले नाही. दिवाळीत फटाक्यांनी दोघं पुन्हा जरा हलले, तेवढ्यापुरते.

फॉर्म भरला दिवाळीनंतर. व्हेरिफिकेशनचे हवालदार आले दुपारी चारला, फाइल काखेत. काकूंनी मला नंतर व्हॉइस मेसेज पाठवला, तो मी दोनदा ऐकला. "अगं," म्हणाल्या, मॅडमचं अगं कधी झालं ते मला आठवत नाही, "बेल वाजली, बघते तर खाकी. पाय थरथरले बरं का, खोटं नाही सांगत. पण वाक्य निघालं तोंडातून. जरा मोठ्याने निघालं. तर ते म्हणाले बांधा बांधा सावकाश, मी आहे इथे. आणि उन्हात उभे राहिले बिचारे." मागे चिकू भुंकत होता आणि काकू मध्येच त्याला गप रे म्हणून परत सांगायला लागायच्या.

रात्रीच्या बेलचं अजून बाकी आहे. त्यासाठी पुढच्या मंगळवारी येतायत, पोराला रात्री नऊला बेल वाजवायला चालेल का हे त्यांनीच त्याच्या आईला विचारून ठेवलंय.